मुंबईतली खोली, गावचा सातबारा आणि विल: सुरुवात कुठून करायची आणि वकील कधी गाठायचा

एक खोली किंवा वन बीएचके, पीएफ, दोन-चार एफडी, एलआयसीची पॉलिसी आणि गावच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. एवढं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. "आपल्याकडे कसली आलीय इस्टेट" असं म्हणणारे बहुतेक लोक याच गटातले असतात. आणि मुंबईत आपल्याकडे काय आहे हे जागा रिडेव्हलपमेंटला गेल्यावरच कळतं बघा, वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटात पिढ्या काढलेल्यांना ५०० चौरस फुटाचा फ्लॅट मिळतोय, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांचा ताबाही दिला गेला. काल कोणी ढुंकून बघत नव्हतं ती खोली आज कोटीच्या गोष्टी करते आणि मग पहिला प्रश्न येतो, कागदावर नाव कोणाचं? तो माणूस हयात आहे का? नसेल तर वारस किती?

घरात हा विषय काढला की "अभद्र बोलू नको" ऐकायला मिळतं. ऐकून घ्या आणि काढाच. नाहीतर असं सांगा की बँकेने केवायसी मागितलंय, त्या निमित्ताने सगळे कागद एकदा बघू. चालतं.

आधी यादी, बाकी सगळं नंतर

एक साधी वही घ्या किंवा एक्सेल. काय आहे, कोणाच्या नावावर आहे, सोबत दुसरं नाव आहे का, नॉमिनी कोण, ओरिजिनल कागद कुठे ठेवलाय. एवढे पाच रकाने पुरतात. त्यात फ्लॅट, बँक खाती, लॉकर, पोस्टाची बचत, पीएफ, पीपीएफ, विमा, डिमॅट, म्युच्युअल फंड, सोनं, गाडी, गावची जमीन-घर आणि हो, कर्जंसुद्धा, आणि कोणाला हातउसने दिलेत तेही. पासवर्ड वहीत लिहू नका पण कुठे काय आहे ते घरातल्या एकाला तरी माहीत हवं.

फ्लॅटसाठी रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सब-रजिस्ट्रारकडचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे तिन्ही आहेत का बघा. जुन्या सोसायट्यांमध्ये घर दोन-तीनदा विकलं गेलेलं असतं तेव्हा आधीच्या मालकांपासूनची सगळी अ‍ॅग्रीमेंट लागतात, त्यातलं एखादं सापडत नसेल तर ते आत्ता, तुम्ही हयात असताना शोधणं सोपं आहे.

यादी करताना एखादी जुनी एफडी आठवेल जिची पावतीच नाही. दहा वर्षं कोणी हात न लावलेले बँकेतले पैसे रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या फंडात जातात, पण बुडत नाहीत, उद्गम नावाच्या रिझर्व्ह बँकेच्याच पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं आणि नंतरही क्लेम करता येतो. आईवडिलांच्या नावाने एकदा शोधून बघाच.

काहीच लिहून ठेवलं नाही तर काय होतं

हे समजल्याशिवाय विल, म्हणजे मृत्युपत्र, करायचं की नाही ते ठरवता येत नाही, त्यामुळे इथे थोडा वेळ काढा.

हिंदू पुरुष विल न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिला हक्क बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा, सगळ्यांना सारखा हिस्सा. वडील या पहिल्या वर्गात नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मुलगी लग्न होऊन गेली तरी हिस्सा तेवढाच, आणि वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीनंतर ती जन्मापासूनच हिस्सेदार, वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हा हक्क राहतो हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. "तिला लग्नात दिलं की सगळं" हा युक्तिवाद कोर्टात चालत नाही.

आता गंमत बघा. समजा प्रभादेवीला एकाचा स्वतःच्या कमाईचा फ्लॅट आहे, घरी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. तो विल न करता गेला. फ्लॅटचे चार सारखे वाटे झाले, त्यातला पाव हिस्सा आईचा. पाच वर्षांनी आईही विल न करता गेली. आता आईचा तो पाव हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटला जाणार, म्हणजे दीर आणि नणंदा त्या फ्लॅटमध्ये हिस्सेदार झाल्या. कोणी काही वाईट केलेलं नाही, कायद्याने आपोआप झालं. पण फ्लॅट विकायला काढला की प्रत्येकाची सही लागणार, त्यातली एक नणंद न्यू जर्सीला आणि एका दिराशी बारा वर्षं बोलणं नाही. दोन ओळींच्या विलने हे सगळं टळलं असतं.

बायकांनी तर याच्यापेक्षा जास्त लक्ष द्या. हिंदू स्त्री विल न करता गेली तर तिची मालमत्ता आधी नवरा आणि मुलांना, आणि दोन्ही नसतील तर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांना जाते. अगदी स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा. माहेरच्या आईवडिलांकडून वारसाने आलेलं तेवढं, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जातं. म्हणजे मूल नसलेली विधवा बाई मुलुंडला स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये आईला घेऊन राहत असेल आणि तिचं काही बरंवाईट झालं तर घर सासरच्यांचं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बायकांना विल करून ठेवण्याचं आवाहन केलं ते याच कलमावरून. माझं तर स्पष्ट मत आहे, कमावत्या बाईने नवऱ्याच्याही आधी स्वतःचं विल करावं.

मुस्लिम कुटुंबात वारसा त्यांच्या पर्सनल लॉप्रमाणे आणि विलने साधारण एक तृतीयांशच देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते. ख्रिश्चन आणि पारशी लोकांना १९२५ चा इंडियन सक्सेशन अ‍ॅक्ट लागतो, त्यात लग्न झालं की आधीचं विल रद्द होतं, हिंदूंच्या बाबतीत तसं होत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. नॉमिनी म्हणजे बँकेने, कंपनीने, सोसायटीने कोणाच्या हातात द्यायचं ते नाव. त्याने ते घेऊन खऱ्या वारसांना द्यायचं असतं. शेअर्सच्या बाबतीत तरी नॉमिनी मालक होतो असा काहींचा समज होता, तोही डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शक्ती येझदानी केसमध्ये मोडून काढला. थोडा अपवाद विम्याचा, २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच धरले जातात.

मग नॉमिनेशन कशाला करायचं? कारण ते नसेल तर पैसे अडकतात. नॉमिनी असला की डेथ सर्टिफिकेट, केवायसी आणि फॉर्म यावर बँकेचं काम होतं, नसेल तर वारसांच्या सह्या, इन्डेम्निटी (नुकसान झालं तर भरून देण्याची हमी), रक्कम मोठी असेल तर सक्सेशन सर्टिफिकेट (वारस कोण ते सांगणारं कोर्टाचं प्रमाणपत्र), बसा मग खेटे घालत. तेव्हा नॉमिनेशन पण हवं आणि विल पण हवं, आणि शक्यतो दोन्हीकडे नावं जुळणारी हवीत म्हणजे भांडणाला जागाच उरत नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं, लॉकरला मात्र एकामागून एक असेच. डिमॅट आणि म्युच्युअल फंडाला दहापर्यंत. पीएफचं तर आत्ताच पोर्टलवर जाऊन बघा, पहिल्या नोकरीत लागताना आईचं नाव टाकलेलं असतं आणि लग्नानंतर बदलायचं राहून जातं, पीएफच्या नियमात कुटुंब झाल्यावर आधीचं नॉमिनेशन धरलं जात नाही, नव्याने करावं लागतं.

सोसायटीचं नॉमिनेशन वेगळं, फ्लॅट रजिस्टर केला म्हणजे ते झालं असं नाही. सेक्रेटरीकडून फॉर्म घ्या, भरा, कमिटीच्या मीटिंगमध्ये नोंद झाली का ते विचारा आणि आपली सही-शिक्क्याची प्रत घेऊन ठेवा. ती प्रत महत्त्वाची, कारण कमिट्या बदलतात, कपाटं बदलतात. सहकार कायद्यात २०१९ ला आलेल्या १५४ब-१३ कलमानुसार मेंबर वारल्यावर नॉमिनीला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता मेंबर करतात, खरे वारस किंवा विलमधला माणूस ठरेपर्यंत. विल, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यातलं काहीतरी सोसायटीला दाखवावं लागतं.

अजून एक, जॉइंट नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बँक खात्यावर आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) असेल तर दुसरा पैसे काढू शकतो, पण ते पैसे पूर्ण त्याचेच झाले असं होत नाही. फ्लॅटमध्ये नवरा-बायको निम्मे-निम्मे असतील तर नवऱ्याचा निम्मा हिस्सा त्याच्या वारसांत वाटला जातो, आपोआप बायकोकडे जात नाही.

विल स्वतः कसं लिहायचं

साध्या कागदावर. स्टँप पेपर लागत नाही, स्टँप ड्युटी नाही, मराठीत चालतं, हाताने लिहिलेलं चालतं. वय १८ पूर्ण आणि डोकं ठिकाणावर हवं. खाली तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, त्या दोघांनी तुम्हाला सही करताना बघितलेलं हवं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. तिघं एका टेबलावर बसा, विषय संपला.

साक्षीदार तुमच्याहून तरुण घ्या, पत्ता लवकर न बदलणारे घ्या, आणि ज्याला विलमध्ये काही मिळतंय त्याला किंवा त्याच्या बायकोला-नवऱ्याला साक्षीदार करू नका. पारशी-ख्रिश्चनांच्या विलमध्ये अशा साक्षीदाराचा हिस्साच रद्द होतो, हिंदूंना तो नियम लागू नसला तरी उगाच संशयाला कारण कशाला द्यायचं. वय जास्त असेल, आजारपण असेल तर फॅमिली डॉक्टरचं त्याच तारखेचं सर्टिफिकेट सोबत जोडा की माणूस शुद्धीत होता, समजून सही केली.

आत काय लिहायचं? तुमचं पूर्ण नाव, वय, पत्ता, तारीख. आधीची सगळी विलं रद्द असं एक वाक्य. कुटुंबात कोण कोण आहेत. मग एकेक मालमत्ता, फ्लॅट नंबर, बिल्डिंग, सोसायटीचं नाव, शेअर सर्टिफिकेट नंबरसह, आणि ती कोणाला. "माझं घर मुलांना" असं मोघम नको. ज्याला देताय तो तुमच्या आधी गेला तर कोणाला, हे लिहायला लोक हमखास विसरतात. शेवटी "उरलेलं आणि यापुढे मिळणारं सगळं अमक्याला" असं एक वाक्य टाका म्हणजे नंतर घेतलेली एफडीसुद्धा त्यात येते. एक्झिक्युटर नेमा, विल अमलात आणणारा माणूस, तो वारसांपैकी असला तरी चालतो पण धावपळ करणारा हवा. कोणाला कमी देत असाल तर एका ओळीत कारण लिहा, शिव्या नको, फक्त कारण. मुलं लहान असतील तर पालक म्हणून कोण सांभाळणार तेही.

प्रत्येक पानावर सही. खाडाखोड झाली तर पान परत लिहा.

रजिस्टर करायचं का? सक्ती नाही, पण मुंबईत सब-रजिस्ट्रारकडे जाऊन केलेलं बरं असं मी म्हणेन. फी किरकोळ असते आणि "हे विल खोटं आहे" म्हणणाऱ्याचं तोंड थोडं तरी बंद होतं. तरी लक्षात ठेवा, शेवटच्या तारखेचं विल ग्राह्य, ते रजिस्टर नसलं तरी. आणि ओरिजिनल कुठे आहे ते एक्झिक्युटरला सांगून ठेवा, फक्त आपल्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, ते उघडायलाच कागद लागतात.

प्रोबेट म्हणजे कोर्टाने विल खरं असल्याचं दिलेलं प्रमाणपत्र. मुंबईत हे वर्षानुवर्षं कंपल्सरी होतं, जुने लेख वाचाल तर तेच सापडेल. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने सक्सेशन अ‍ॅक्टमधलं ते कलम २१३ काढून टाकलं, त्यामुळे आता सक्ती राहिली नाही. पण वारसांत वाद असेल, मालमत्ता मोठी असेल किंवा समोरचा खरेदीदार आग्रह धरत असेल तर प्रोबेट घेता येतं आणि अशा वेळी घेतलेलं चांगलं.

जिवंतपणीच नावावर करून द्यायचं का

बक्षीसपत्राचं आकर्षण असं की महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, बाकी अधिभार आणि नोंदणी फी किती ते सब-रजिस्ट्रारकडे आधी विचारून घ्या. पण दिलं की दिलं. मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. म्हातारपणी राहतं घर मुलाच्या नावावर करून मग स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं राहणारे लोक आपण सगळ्यांनीच बघितलेत. करायचंच असेल तर "आम्हाला शेवटपर्यंत राहू द्यायचं, सांभाळायचं" ही अट दस्तातच लिहून घ्या, मग मुलगा फिरला तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिली नसेल तर ती होती हे सिद्ध करायलाच दमछाक. मला विचाराल तर राहतं घर विलनेच द्या.

टॅक्सचं विचारतात म्हणून, वारसाने मिळालं त्यावर आपल्याकडे टॅक्स नाही, इस्टेट ड्युटी १९८५ लाच गेली. विकताना मात्र कॅपिटल गेन लागतो आणि त्यासाठी मूळ मालकाने किती पैशाला घेतलं ते बघतात, २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चा भाव धरता येतो. सीएला दाखवा.

पागडीची खोली आणि गावची जमीन

गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या पागडीवाल्यांनो, तुमची खोली तुमच्या मालकीची नाही, भाडेहक्क तुमचा आहे, आणि तो विलने कोणालाही देता येत नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात भाडेकरू वारला की त्याच्यासोबत मृत्यूच्या वेळी राहत असलेल्या कुटुंबातल्या माणसाला हक्क मिळतो, असा कोणी नसेल तर वारसाला, आणि आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणून इथे खेळ सगळा पुराव्याचा आहे. जो खरंच राहतोय त्याचं रेशन कार्ड, आधार, मतदार यादीतलं नाव त्याच पत्त्यावर हवं. एक भाऊ विरारला फ्लॅट घेऊन गेला, दुसरा आईजवळ खोलीत राहिला, अशा घरांनी भाडेपावती कोणाच्या नावे व्हावी ते आई असतानाच सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवावं. बिल्डर दारात आल्यावर सगळ्यांचं प्रेम उतू जातं. म्हाडा किंवा एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनातलं) घर असेल तर ट्रान्सफरचे नियम त्यांचे वेगळे, तिथे अ‍ॅलॉटमेंट लेटर घेऊन त्यांच्याच ऑफिसात विचारा.

गावी सातबाऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. कायद्यात वारस झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं म्हटलंय, पण उशीर झाला तरी नोंद होते. डेथ सर्टिफिकेट, वारसांची प्रतिज्ञापत्रं, सातबारा-आठ अ एवढं लागतं, ई-हक्क पोर्टलवरून मुंबईत बसून अर्ज करता येतो आणि २०२५ पासून सरकारने जिवंत सातबारा मोहीमही काढलीय. फेरफार (नाव बदलल्याची नोंद) झाला की त्यात बहिणींची नावं आहेत का ते वाचा. आणि हे ध्यानात असू द्या, फेरफार ही महसुलाची नोंद, मालकीचा अंतिम पुरावा नाही. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर तोंडी नाही, रजिस्टर्ड हक्कसोडपत्र, आणि तेही तिला नीट समजावून, गणपतीला गावी आलीय म्हणून घाईत सही घेऊन नाही.

वकिलाकडे कधी जायचं

नवरा, बायको, मुलं, सगळं स्वतःच्या कमाईचं, कागद स्वच्छ, घरात सलोखा, तर वर लिहिलंय तेवढ्यावर विल तुमचं तुम्ही करा. फार तर एकदा वकिलाला वाचायला द्या.

पण दुसरं लग्न झालंय, सावत्र मुलं आहेत, नवरा-बायको वेगळे राहतात पण घटस्फोट नाही, लग्न न करता सोबत राहता (कायद्याने जोडीदार वारस होत नाही, विलशिवाय त्याला काही मिळणार नाही), आंतरधर्मीय लग्न आहे, कोणा वारसाला पूर्ण वगळायचंय, धंदा किंवा पार्टनरशिप आहे, मालमत्ता वडिलोपार्जित आहे की स्वतःची तेच नक्की नाही, परदेशात मालमत्ता आहे, तर स्वतः लिहीत बसू नका. घरात मतिमंद, ऑटिझम असलेलं किंवा स्वतःचा व्यवहार बघू न शकणारं मूल असेल तर नुसतं विल पुरत नाही, ट्रस्ट आणि कायदेशीर पालक याचा विचार करावा लागतो, त्याला अनुभवी माणूसच हवा. आईवडिलांना विसरायला होतंय असं वाटायला लागलं तर थांबू नका, कारण शुद्ध गेली की विल करता येत नाही, आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी माणूस गेला की त्याच दिवशी संपते, तिच्यावर नंतर केलेला व्यवहार चालत नाही.

माणूस आधीच गेलाय आणि विल नाही, अशा वेळी शेअर्स, एफडी अशा गोष्टींसाठी सक्सेशन सर्टिफिकेट, आणि घरासाठी लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (विल नसताना मालमत्तेचा कारभार बघायला कोर्टाने दिलेला अधिकार) किंवा वारस दाखला यातलं काय लागेल ते वकीलच सांगेल. पण आधी बँकेला आणि सोसायटीला लेखी विचारा की तुम्हाला नेमकं कोणतं कागद हवंय, नाहीतर एक आणाल आणि ते दुसरं मागतील.

वकील दिवाणी आणि वारसा हक्काची कामं करणारा बघा, फौजदारी करणारा ओळखीचा आहे म्हणून नको. फी टप्प्याटप्प्याने किती, कोर्ट फी वेगळी किती, लेखी घ्या. कोर्टाबाहेर "आठवड्यात करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला ओरिजिनल कागद देऊ नका. पहिल्या भेटीला झेरॉक्स न्या: ती यादीची वही, फ्लॅटचे कागद, असतील ते नॉमिनेशन, कोणी वारलं असेल तर डेथ सर्टिफिकेट, आणि कुटुंबाचा वंशवृक्ष, वारलेल्यांच्या तारखांसह. एवढं हातात असलं की पहिल्या बैठकीतच कामाचं बोलणं होतं.

पैशाची अडचण असेल तर १५१०० या विधी सेवेच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही, बाकी बहुतेकांना उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो.